साम्यवाद वाचायला कुठून सुरुवात करावी: १४ महिन्यांच्या वाचनाची नोंद

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड उघडला आणि महिना संपायच्या आत मिटून ठेवला. वाचून झालेली पानं होती ४०. २० वार तागाचं कापड बरोबर १ कोट, हे समीकरण पानामागून पानं उलटसुलट फिरत होतं आणि हा खटाटोप कशासाठी चाललाय याचा थांग लागत नव्हता. साम्यवादी विचार मुळातून वाचायचा म्हणून निघालेली पुष्कळ माणसं याच कापडाशी येऊन थांबतात आणि आपल्याला हे झेपणार नाही असं ठरवून टाकतात. झेपतं. फक्त दार दुसरीकडे आहे. ते सापडायला आणि आत शिरून एक फेरी पुरी व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. आता सुरुवात करणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून तो क्रम, लागलेला वेळ आणि अडलेल्या जागा इथे लिहिल्या आहेत.

दाराचा पत्ता खुद्द मार्क्सनेच देऊन ठेवलाय. ‘भांडवल’चा पहिला खंड १४ सप्टेंबर १८६७ ला हँबुर्गमध्ये प्रसिद्ध झाला, १००० प्रतींचा. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३० नोव्हेंबरला, त्याने आपले मित्र डॉ. कुगेलमान यांना पत्र लिहिलं. तुमच्या पत्नीला सांगा, आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचा, मग सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रं, आणि मग आदिम संचय, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे पहिलं प्रकरण पहिल्यांदा वाचायचं नाही. १८७२ मध्ये फ्रेंच आवृत्तीच्या प्रकाशकालाही त्याने कळवलं होतं की सुरुवातीची प्रकरणं अवघड आहेत आणि वाचक तिथेच हिरमुसतील अशी धास्ती वाटते. ही दोन पत्रं मार्चमध्येच हाताशी असती तर ते ४० पानांचं ओझं वाहावं लागलं नसतं.

एप्रिलमध्ये नवा बेत ठरला. मोठं पुस्तक बाजूला ठेवायचं, आणि जे मजकूर मुळात कामगारांना ऐकवण्यासाठी किंवा समजावण्यासाठी लिहिले गेले ते आधी घ्यायचे. या विषयात असे मजकूर पुष्कळ आहेत, आणि त्यांतला सर्वांत सोपा, मार्क्सचा मित्र आणि सहलेखक एंगल्सचा, ‘साम्यवादाची तत्त्वं’ हा आहे. १८४७ च्या शरद ऋतूत लिहिलेला, २५ प्रश्न आणि त्यांची उत्तरं. साम्यवाद म्हणजे काय, कामगारवर्ग कसा जन्माला आला, खाजगी मालकी एका फटक्यात रद्द करता येईल का, असे सरळ प्रश्न. यांतल्या मालकीच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि त्याची कारणंही दिली आहेत. दोन बैठकांत वाचून होतो. एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी. ९ व्या प्रश्नाखाली जागा कोरी आहे, आणि २२ व्या, २३ व्या प्रश्नांखाली नुसतं ‘आहे तसंच’ असं लिहिलंय. ही छपाईची चूक नाही. हा कच्चा खर्डा होता आणि एंगल्स त्याच वर्षीच्या जूनमधल्या आधीच्या खर्ड्याकडे बोट दाखवत होता. काही आवृत्त्यांत ती उत्तरं त्या खर्ड्यातून उचलून घातलेली असतात, काहींत नसतात.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एंगल्सने मार्क्सला सुचवलं की हा प्रश्नोत्तरांचा साचा सोडून देऊ आणि याला जाहीरनामा म्हणू. पुढचं वाचन तेच, कम्युनिस्ट जाहीरनामा. कम्युनिस्ट लीग या कामगारांच्या संघटनेसाठी लिहिलेला हा २३ पानांचा मजकूर फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडनमध्ये जर्मन भाषेत छापला गेला. त्याचे चार भाग आहेत. पहिल्या फेरीत पहिले दोनच वाचावेत, आणि जमलं तर मोठ्याने, कारण त्याची वाक्यं कानाला आधी कळतात. पहिल्या भागात भांडवलदारवर्गाने जगात केवढी उलथापालथ घडवली याचं जे वर्णन आहे, ते वाचून नवा वाचक चमकतो. शिव्या वाचायला मिळतील अशी अपेक्षा असते, आणि समोर येतं भांडवलशाहीच्या ताकदीचं मोकळं कौतुक. हे कौतुक गंभीरपणे घ्यायला हवं. पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे, की या वर्गाने जी शक्ती जागी केली ती आता त्याच्याच हातात मावत नाही.

दुसऱ्या भागात खाजगी मालकीवरचे आक्षेप आणि उत्तरं आहेत, आणि शेवटी १० उपाययोजना. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘मालकी’ या शब्दापाशी. मजकूर बोलतोय कारखाना, जमीन, भांडवल यांच्या मालकीविषयी, म्हणजे ज्या मालकीच्या जोरावर दुसऱ्याच्या श्रमावर हक्क सांगता येतो तिच्याविषयी. माणसाच्या अंगावरचा सदरा किंवा घरातली खाट हा त्याचा विषय नाही. १० कलमांत चढता आयकर आणि सर्व मुलांना मोफत शिक्षण आहे, तसंच वारसाहक्क रद्द करणंही आहे. ही यादी वाचून पुस्तक तोललं असं मानू नये. १८७२ च्या प्रस्तावनेत लेखकांनीच म्हटलंय की या कलमांवर आता खास भर देण्याचं कारण नाही. म्हणून जाहीरनाम्याबरोबर १८७२ ते १८९३ मधल्या सातही प्रस्तावना वाचाव्यात. बहुतेक पान-दोन पानांच्या आहेत, आणि लेखक स्वतःच्या मजकुराकडे मागे वळून कसे पाहतात हे त्यांतून दिसतं. तिसरा भाग वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर सोडला. त्यात इतर समाजवाद्यांवर टीका आहे, आणि ज्यांच्यावर टीका ती माणसंच माहीत नसतील तर वाचून काहीच हाती लागत नाही. त्या पानावर खूण घातली.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात ‘मजुरी आणि भांडवल’. डिसेंबर १८४७ मध्ये ब्रुसेल्समधल्या जर्मन कामगारांपुढे मार्क्सने दिलेली ही व्याख्यानं १८४९ मध्ये वर्तमानपत्रातून छापली गेली. १८९१ मध्ये एंगल्सने त्यांची नवी आवृत्ती काढली आणि मजकुरात बदल केला: कामगार ‘श्रम’ विकतो असं जिथे जिथे होतं तिथे ‘श्रमशक्ती’ विकतो असं घातलं. एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, हे त्याने प्रस्तावनेत एका हिशोबातून समजावलंय. तो हिशोब कागदावर स्वतः मांडून पाहावा. एक कारागीर १२ तासांत यंत्राचा एक भाग बनवतो. कच्चा माल २० मार्कांचा (मार्क हे तेव्हाचं जर्मन चलन). कोळसा आणि अवजारांची झीज मिळून १ मार्क. मजुरी ३ मार्क. मालकाचा खर्च झाला २४, आणि वस्तू विकली जाते २७ ला. माल आणि झीज यांचे २१ मार्क आधीपासून होतेच, म्हणजे १२ तासांच्या श्रमाने नवी भर घातली ६ मार्कांची. मग १२ तासांच्या श्रमाची किंमत किती? कामगाराच्या हातात पडले ३, मालकाला मिळाले ६. कामगार श्रमच विकत असेल तर एकाच वस्तूला दोन किमती झाल्या, आणि हिशोब कुठेच बसत नाही. कामगार दिवसभर राबण्याची आपली ताकद विकतो असं धरलं की बसतो. त्या ताकदीची किंमत म्हणजे ती उद्या पुन्हा कामाला उभी राहावी यासाठी लागणारं अन्न, वस्त्र, निवारा. ती ३ मार्क. वापरल्यावर ती ६ निर्माण करते. मधले ३ मार्क म्हणजे वरकड मूल्य.

मार्चमध्ये ४० पानं ढकलून जे कळलं नव्हतं, ते या हिशोबाने अर्ध्या तासात कळलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा हुरूप आला. मार्क्सवादी अर्थशास्त्रातलं इतर काहीही मागे ठेवलं तरी चालेल, हा हिशोब मात्र ठेवू नये. तो पटला पाहिजे असं नाही. पटत नसेल तर नेमकी कोणती पायरी पटत नाही हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

मेच्या उरलेल्या दिवसांत ‘मूल्य, किंमत आणि नफा’. जून १८६५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे पहिल्या इंटरनॅशनलच्या, सर्वसाधारण समितीपुढे मार्क्सने हे दोन बैठकांत वाचलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच्या मुलीने, एलिनोरने, ते छापलं. समितीतले सदस्य वेस्टन यांचं म्हणणं होतं की मजुरी वाढवून काही उपयोग नाही, कारण मालक वस्तूंच्या किमती वाढवतील आणि सगळं जागच्या जागी राहील. त्यांनी दाखला दिला होता सुपाच्या भांड्याचा: भांड्यात सूप ठरावीकच आहे, चमचे रुंद केल्याने ते वाढणार नाही. मार्क्सचं उत्तर असं, की त्या भांड्यात राष्ट्राचं सगळं उत्पन्न भरलेलं आहे. कामगाराला जास्त मिळत नाही याचं कारण भांडं लहान आहे किंवा सूप थोडं आहे हे नाही, त्याचा चमचा लहान आहे हे आहे. मजुरी वाढली की महागाई वाढते, हा युक्तिवाद आजही रोज कानावर पडतो, म्हणून हे भाषण जुनं वाटत नाही.

याच ठिकाणी या सगळ्या वाचनाची किल्ली मिळाली. साम्यवादी वाङ्मयातला जवळजवळ प्रत्येक मजकूर कुणाला तरी दिलेलं उत्तर आहे. आपण भांडणातली एकच बाजू ऐकत असतो आणि आवाज एवढा का चढलाय हे कळत नाही. म्हणून कोणतंही पुस्तक उघडायच्या आधी वहीत तीन ओळी लिहायच्या: हे कोणासाठी लिहिलं, कोणाच्या विरोधात लिहिलं, आणि तो विरोधक काय म्हणत होता. या तीन ओळींसाठी दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या लिहिल्याशिवाय पुढे गेलेलं वाचन प्रत्येक वेळी वाया गेलं.

खर्चाचं इथेच सांगून टाकावं. वर आलेले सगळे मूळ मजकूर आणि त्यांचे १९ व्या शतकातले इंग्रजी अनुवाद स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह हा त्यांचा सर्वांत मोठा साठा. मार्क्स-एंगल्सच्या समग्र वाङ्मयाचे ५० इंग्रजी खंड, १९७५ ते २००४ मध्ये निघालेले, मात्र स्वामित्वहक्काखाली आहेत. प्रकाशकाच्या मागणीवरून ते २०१४ मध्ये त्या साठ्यातून काढून टाकावे लागले. त्यामुळे एखाद्या पुस्तकात ‘खंड ३८, पान अमुक’ असा हवाला आला की ते पान शोधण्यात दिवस घालवू नये. पत्र असेल तर तारखेवरून, पुस्तक असेल तर प्रकरणावरून शोधावं.

मराठीतून वाचणाऱ्याची एक खास अडचण आहे, ती परिभाषेची. एका अनुवादात ‘वरकड मूल्य’, दुसऱ्यात ‘अतिरिक्त मूल्य’. कुठे ‘सर्वहारा’, कुठे ‘श्रमजीवी वर्ग’. ‘द्वंद्ववाद’ आणि ‘विरोधविकासवाद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजून काही आठवडे काढता येतात. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखून प्रत्येक संकल्पनेची सगळी नावं एका ओळीत लिहायची. २५ ओळींच्या आसपास ही यादी थांबते, आणि मग कोणताही अनुवाद हातात घेता येतो.

जूनमध्ये एंगल्सचं ‘समाजवाद: काल्पनिक आणि शास्त्रीय’. स्वतःच्याच एका मोठ्या ग्रंथातली तीन प्रकरणं वेगळी काढून, मार्क्सचे जावई लाफार्ग यांच्या फ्रेंच अनुवादातून, १८८० मध्ये हे पुस्तक झालं. १८९२ च्या इंग्रजी आवृत्तीला जोडलेली लांबलचक प्रस्तावना मुख्यतः इंग्लंडमधला धर्म आणि भौतिकवाद यांविषयी आहे, ती सरळ सोडून द्यावी. ती आधी वाचल्याने पहिला आठवडा बुडाला. पहिल्या प्रकरणात सेंट-सायमन, फूरिए आणि ओवेन हे मार्क्सच्या आधीचे ‘काल्पनिक’ समाजवादी भेटतात. मधलं प्रकरण द्वंद्ववादावरचं, म्हणजे विरोधातून बदल घडतो या विचारपद्धतीवरचं, थोडं कोरडं. तिसरं सर्वांत उजवं: उत्पादन सामाजिक झालं, हजारो माणसं मिळून एक वस्तू बनवू लागली, पण तिच्यावरचा हक्क एकट्याचाच राहिला, या विसंगतीतून मंदी आणि वर्गसंघर्ष कसे निघतात ते तिथे आहे. राज्यसंस्था आपोआप गळून पडेल हे प्रसिद्ध विधानही एंगल्सचंच, आणि ते इथेच सापडतं.

जुलै फक्त पत्रांचा आणि तुकड्यांचा. ५ मार्च १८५२ चं मार्क्सने आपला मित्र वायडेमायर याला लिहिलेलं पत्र: वर्ग आणि वर्गसंघर्ष यांचा शोध आपण लावला नाही, भांडवलदारवर्गातल्या इतिहासकारांनी तो आधीच लावला होता, असं मार्क्स त्यात स्वच्छ सांगतो आणि आपलं नवीन काय ते तीन मुद्द्यांत मांडतो. मग १८५९ च्या ‘राजकीय अर्थशास्त्राची चिकित्सा’ची प्रस्तावना, जिथे आर्थिक पाया आणि त्यावरचा कायदा-राजकारणाचा इमला ही उपमा आहे. तो परिच्छेद एकटा वाचला तर सगळं काही पैशाने ठरतं असा ग्रह होतो, आणि पुष्कळांचा मार्क्सवाद तिथेच गोठतो. म्हणून त्याच दिवशी एंगल्सचं सप्टेंबर १८९० मधलं योसेफ ब्लोखला लिहिलेलं पत्र वाचावं. अर्थव्यवहार अखेरीस निर्णायक असतो, पण एकमेव नसतो, आणि तरुण लोक आर्थिक बाजूवर जरुरीपेक्षा जास्त भर देतात याचा थोडा दोष आमच्याकडे येतो, असं त्यात आहे. धर्म ही अफू आहे, हे वाक्यही याच महिन्यात मूळ जागी, १८४४ च्या लेखात, पाहिलं. त्याच्या अलीकडेच धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासा आणि निर्दय जगाचं हृदय म्हटलंय. तोडून काढलेलं वाक्य आणि पूर्ण परिच्छेद यांचे सूर फार वेगळे आहेत.

ऑगस्टमध्ये पुन्हा ‘भांडवल’, या वेळी कुगेलमानबाईंच्या वाटेने. आवृत्ती घेताना एक पाहावं. जर्मन आवृत्तीत २५ प्रकरणं आहेत, इंग्रजीत ३३, कारण १८८७ च्या इंग्रजी आवृत्तीत काही उपप्रकरणांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. ‘कामाचा दिवस’ जर्मनमध्ये ८ वं, इंग्रजीत १० वं. संदर्भग्रंथ एका क्रमाने बोलत असेल आणि हातातलं पुस्तक दुसऱ्या, तर वाचक चुकीच्याच प्रकरणात शिरतो.

‘कामाचा दिवस’ हे प्रकरण म्हणजे सरकारी कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतून उभी राहिलेली हकिगत आहे. जून १८६३ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत मेरी ॲन वॉकली या २० वर्षांच्या शिवणकामगार मुलीच्या मृत्यूची बातमी आली होती. ती साडेसव्वीस तास न थांबता काम करत होती, ६० मुलींबरोबर, एकेका खोलीत ३०, जिथे जरुरीच्या एकतृतीयांशच हवा होती. ही पानं वाचताना वही बाजूला राहते. त्यानंतर १८३३, १८४४, १८४७ चे कायदे येतात, आणि पाळ्या उलटसुलट लावून मालक ते कसे चुकवत होते हे येतं. या प्रकरणातल्या तळटीपा गाळू नयेत, अर्धा पुरावा तिथे आहे. ‘निरपेक्ष वरकड मूल्य’ हा रुक्ष शब्द, दिवस लांबवून जास्त काम काढून घेणं म्हणजे काय, हे इथे अंगावर येतं. पुढे इंग्रजी क्रमाने १३ ते १५ प्रकरणांत दुसरी तऱ्हा दिसते: दिवस तेवढाच, पण यंत्रामुळे मजुरी भरून निघायला लागणारा वेळ कमी. मग २६ ते ३३, आदिम संचय, म्हणजे शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकून मजूर कसे तयार झाले त्याचा इतिहास.

यात नोव्हेंबर आला. रोज ८ पानं, आठवड्यातले ५ दिवस असा बेत होता. यंत्रांवरच्या प्रकरणात तो कोसळला, कारण ते प्रचंड लांब आहे. ते दहा भागांत विभागलेलं आहे, तेव्हा पानं न मोजता भाग मोजावेत.

पहिलं प्रकरण डिसेंबरमध्ये. त्याच्या चार उपविभागांचा क्रम बदलून घेतला: पहिला, दुसरा, चौथा, आणि शेवटी तिसरा, म्हणजे कापड आणि कोट. पहिल्यात मूल्य हे ‘सामाजिकदृष्ट्या आवश्यक’ श्रमवेळेने ठरतं असं आहे, आणि इथे नवे वाचक हमखास घसरतात. संथ माणसाने दुप्पट वेळ लावला तर वस्तू दुप्पट मोलाची होईल का, असा प्रश्न पडतो. उत्तर मजकुरातच आहे. इंग्लंडमध्ये यंत्रमाग आल्यावर हातमागवाल्याला कापड विणायला पूर्वीएवढाच वेळ लागत होता, पण त्याच्या एका तासाच्या कामाचं मोल निम्म्यावर आलं, कारण समाजाला आता निम्माच वेळ लागत होता. दुसरी घसरण म्हणजे मूल्य आणि किंमत एकच धरणं. तिसऱ्या उपविभागात मार्क्सचा प्रश्न एवढाच आहे की पैसा आला कुठून. एका वस्तूचं मोल दुसऱ्या वस्तूत सांगायचं, मग अनेक वस्तूंत, मग सगळ्यांचं मोल एकीत, आणि ती एक वस्तू शेवटी सोनं ठरते. हे लक्षात ठेवून वाचलं तर २० वार कापड कुठे निघालंय ते दिसतं. तरीही तीन वेळा वाचावं लागलं. सगळ्यात जास्त वेळ या २० पानांनी घेतला, आणि तो घेतला ते बरं झालं.

दुसरा आणि तिसरा खंड एंगल्सने १८८५ आणि १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षात त्यांना हात लावू नये. तिसऱ्या खंडात वस्तू मूल्याप्रमाणे विकल्या जात नाहीत असं निघतं, आणि त्यावरून ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ बोम-बावेर्कने १८९६ मध्ये मार्क्सची पहिल्या आणि तिसऱ्या खंडातली विधानं एकमेकांना छेद देतात असा हल्ला चढवला, एवढं माहीत असलं तरी पुरतं.

फेब्रुवारीत लेनिन. ‘मार्क्सवादाचे तीन स्रोत आणि तीन घटक’ हा १९१३ चा लहानसा लेख आधी. ‘साम्राज्यवाद’ हे पुस्तक १९१६ मध्ये झारच्या सेन्सॉरला चुकवून लिहिलेलं आहे. प्रस्तावनेत लेनिनच सांगतो की जपान आणि कोरियाचं उदाहरण आलं की रशिया आणि त्याने गिळलेले प्रदेश असं वाचावं. ‘राज्यसंस्था आणि क्रांती’च्या आधी मार्क्सचं पॅरिस कम्यूनवरचं, म्हणजे १८७१ मधल्या पॅरिसच्या अल्पजीवी क्रांतिकारी सत्तेवरचं, लिखाण वाचणं भाग आहे. कम्यून २८ मे १८७१ ला पडली आणि मार्क्सने हे ३० मेला वाचून दाखवलं. त्याच्या जोडीला १८७५ ची, जर्मन समाजवादी पक्षाच्या गोथा कार्यक्रमावरची मार्क्सची टिपणं, ज्यांत साम्यवादी समाजाची पहिली आणि वरची अशा दोन अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेला ‘समाजवाद’ म्हणण्याचा प्रघात लेनिनने पक्का केला. मार्क्सच्या मजकुरात हे दोन शब्द असे वाटून दिलेले नाहीत. ‘राज्यसंस्था आणि क्रांती’चं ७ वं प्रकरण लिहिलंच गेलं नाही, मध्ये ऑक्टोबर क्रांती झाली. ती ऑक्टोबरची का, तर जुन्या रशियन पंचांगाने तारीख २५ ऑक्टोबर होती, आजच्या हिशोबाने ७ नोव्हेंबर. १९१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या प्रत्येक रशियन तारखेला हा फरक तपासावा: विसाव्या शतकात तो १३ दिवसांचा, एकोणिसाव्यात १२ दिवसांचा.

लेनिन संपला की लगेच रोझा लक्झेंबुर्ग, जर्मनीतली क्रांतिकारक. रशियन क्रांतीवरचं तिचं टिपण १९१८ मध्ये तुरुंगात लिहिलेलं, तिच्या हत्येनंतर १९२२ मध्ये छापलेलं. क्रांतीच्या बाजूने उभी राहून ती बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, बजावते की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. हे टिपण न वाचता पुढे गेलं तर साम्यवादी परंपरेत एकच आवाज होता असा गैरसमज पक्का होतो. तो करून देणारी पुस्तकंही आहेत. स्टालिनचा १९३८ चा ‘द्वंद्वात्मक आणि ऐतिहासिक भौतिकवाद’ हा निबंध आखीव असल्यामुळे नवख्याला आकर्षक वाटतो, पण तो मार्क्सचा सारांश म्हणून पहिल्यांदा वाचू नये. ‘द्वंद्वात्मक भौतिकवाद’ हा शब्दप्रयोगच मार्क्सने केलेला नाही.

मार्च विरोधकांचा आणि इतिहासाचा. पोलिश तत्त्वज्ञ कोलाकोव्स्कीच्या मार्क्सवादाच्या इतिहासाचे तीन खंड वाचनालयात मागणी नोंदवल्यावर ५ आठवड्यांनी मिळाले. अशी मागणी दोन महिने आधीच नोंदवून ठेवावी. तोवर ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ मिझेसचा १९२० चा लेख वाचला: उत्पादन साधनांचा बाजारच नसेल तर त्यांच्या किमती ठरणार नाहीत, आणि मग काय बनवणं परवडतं हे नियोजन करणाऱ्याला कळणार कसं? हा प्रश्न कडक आहे आणि त्याला बगल देऊन चालत नाही. युगोस्लाव्हियाच्या सत्तेतून तुरुंगात गेलेल्या जिलासने १९५७ मध्ये पक्षाच्या अधिकाऱ्यांचाच नवा वर्ग कसा बनतो ते मांडलं, तेही मार्क्सचीच अवजारं वापरून.

इतिहासासाठी वेगळी वही केली. १९३२-३३ चा सोव्हिएत दुष्काळ, १९३७-३८ च्या दमनात सोव्हिएत दप्तरातल्याच नोंदींनुसार ६,८१,६९२ जणांना दिलेला मृत्युदंड, चीनमधला १९५९ ते १९६१ चा महादुष्काळ. सोव्हिएत पक्षाचा प्रमुख क्रुश्चेव्ह याचं स्टालिनविषयीचं २५ फेब्रुवारी १९५६ चं बंद दाराआडचं भाषण मुळातून वाचावं, कारण त्यात पक्षच पक्षाविषयी बोलतोय, आणि काय बोलत नाही हेही दिसतं. हा महिना जड गेला. आधीच्या वर्षभरात जे वाचून मन उचंबळलं होतं त्याच्या शेजारी ही वही ठेवून बसणं सोपं नाही. पण दोन्ही वह्या शेजारी उघड्या हव्यात. विचार आणि राजवट यांच्यात कोणती रेघ सलग गेली आणि कोणती तुटली, हे प्रत्येक ठिकाणी मजकूर आणि तारीख समोर ठेवूनच ठरवावं लागतं. यावर लिहिणारे पुष्कळ जण आधीच निकाल लावून बसलेले असतात, त्यांच्यावर विसंबता येत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जाहीरनाम्यातली ती खूण घातलेली जागा उघडली, तिसरा भाग. एक वर्षापूर्वी पहिल्या पानावर सोडलेला, आता पाऊण तासात वाचून झाला. सेंट-सायमन, फूरिए, ओवेन ओळखीचे होते, फ्रेंच समाजवादी प्रूधोंवर राग का हे कळत होतं. समासात प्रश्नचिन्ह उरलं ते एकाच नावापुढे: बाब्यूफ. फ्रान्समध्ये १७९६ मध्ये ‘समानांचा कट’ करणारा, पुढच्या वर्षी गिलोटिनवर गेलेला. वहीच्या नव्या पानावर त्याचं नाव लिहिलंय, आणि खाली तीन ओळींची जागा सोडली आहे: कोणासाठी, कोणाविरुद्ध, आणि समोरचा काय म्हणत होता.